सुभेदारी वजन

मी भाकरी थापत होते, तेव्हा सुभेदारांनी शिशाच्या तीन गोळ्या माझ्या परातीच्या काठावर ओळीनं मांडल्या.

"उचलून बघ," ते म्हणाले. "कुठली जड लागती?"

माझे हात पिठात. मी म्हटलं, तव्यावरची करपेल. तर त्यांनी स्वतः उलथनं घेतलं आणि भाकरी उलटली. आमच्या लग्नाला वीसेक वर्षं झाली असतील. त्यांचा हात तव्याकडे गेलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. मामला साधा नाही एवढं मला तेवढ्यात कळलं.

हात पदराला पुसून मी एकेक गोळी तळहातावर घेतली. पहिल्या दोन मला सारख्याच लागल्या. तिसरी दिसायला तेवढीच, पण हाताला भरीव होती. भाजी घेताना हाताला कळतं ना, कुठलं वांगं पोकळ आणि कुठलं भरलेलं, तसं.

"ही," मी म्हणाले.

"मला पण हीच वाटली." त्यांनी गोळ्या रुमालात बांधल्या. "हातिमभाईला सांगतो, यंदा हीच भर म्हणून. बघू आता कशी वर जाती ते."

आणि करपलेली भाकरी माझ्यासाठी ठेवून ते साताऱ्याची मोटार गाठायला गेले.

हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं. आमच्या गावात दसऱ्याला कोहळा फोडायची रीत आहे. सोनं लुटायला गाव शिवेवर जातं. तिथं ओढ्याकाठी करंजाचं थोरलं झाड आहे, त्याला कोहळा टांगतात. पूर्वी म्हणे तो भाल्यानं फोडायचे. माझे सासरे पहिल्या जर्मन लढाईहून आले ते एक पिस्तूल घेऊन. त्यांच्या साहेबानं मरताना त्यांना दिलं होतं, आणि सरकारनं त्याचा परवानाही दिला होता. त्या वर्षापासून आमच्या घराण्याच्या थोरल्या पातीचा माणूस गोळीनं कोहळा फोडणार, मग जानाईची पालखी शीव ओलांडणार, असं ठरून गेलं. कोहळा फुटला की रब्बी पिकते असं लोक म्हणायचे. न फुटता पिकली तर काय, याचा विचार कुणी केला नव्हता, कारण सासऱ्यांच्या हयातीत तो कधी न फुटता राहिलाच नाही.

सासरे गेले, सुभेदार पेन्शनीत आले, आणि पिस्तुलाबरोबर आलेली काडतुसं संपली. तसली काडतुसं आता कुठं मिळेनात. साताऱ्यात हातिमभाईंचं बंदुकीचं दुकान होतं. काडतुसं भरून द्यायचा परवाना त्यांच्याकडे होता. फौजदाराच्या परवानगीनं ते दसऱ्यापुरती मोजकी भरून द्यायचे. त्यांनी भरलेल्या काडतुसांनी पहिल्याच वर्षी रीतीचे तिन्ही बार कोहळ्याच्या डोक्यावरून गेले. कोहळा हलला नाही. शेवटी धोंडू गुरवानं तो कोयत्यानं फोडला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

त्यावर गाव बसलं आणि ठरलं, की तिसऱ्या वर्षी चुकलं तर मान धाकट्या पातीला. म्हणजे आमच्या चुलत दिराला, दौलतरावांना. त्यांच्याकडे बाराबोरची बंदूक होती. छऱ्याची बंदूक म्हणजे कोहळा तर फुटणारच, पण झाडाची पानं आणि जवळपासचा एखादा होलाही पडणार.

"त्याला नेम न्हाई म्हनत," सुभेदार म्हणायचे. "त्याला शिंपडणं म्हनतात."

दौलतराव मनानं वाईट नव्हते. पण त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. सुभेदारांची सगळी नोकरी खेचरांच्या पलटणीत गेली होती. डोंगरातून दाणागोटा वाहायचा, खेचरं सांभाळायची. दुसऱ्या लढाईत ब्रह्मदेशापर्यंत गेले, पण माणसावर बंदूक रोखायची वेळ त्यांच्यावर आली नाही. त्याबद्दल मी देवाचे आभार मानत होते. गाव मात्र मानत नव्हतं. सुभेदार पारावर बसून लढाईची गोष्ट सुरू करायचे, की दौलतराव हळूच विचारायचे, "दादा, त्या टायमाला खेचराचं नाव काय हुतं?" लोक हसायचे. सुभेदारही हसायचे, आणि घरी येऊन जेवायचे नाहीत.

वर्षातून एक दिवस मात्र कुणी हसत नसे. वडलांचं पिस्तूल कमरेला लावून, पट्ट्याचं पितळ चिंचेनं घासून, ते पालखीच्या पुढं चालायचे, तेव्हा लोक बाजूला व्हायचे. तो एक दिवस गेला तर वर्षाचे बाकीचे दिवस त्यांनी कसे काढले असते, मला माहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, गोळी वरून जाते तर जरा खाली धरावं. मीही म्हणाले होते. पहिल्याच वर्षी, घरी येता येता.

ते वाटेत थांबले. "आबांनी मला काय शिकवलं, ठावं हाय? मारायचं तिथंच धरायचं. खाली धरून वर मारणं म्हंजे आपलं हत्यार खोटं बोलतंय हे कबूल करणं."

"मग मधे धरून काहीच न मारणं म्हणजे काय?"

दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. मी तो विषय सोडला.

तेव्हा नेम बरोबर, हत्यार बरोबर, हात बरोबर. राहिली गोळी. मग गोळीचं वजन चुकतंय हे सगळ्यांनी मान्य केलं, आणि श्रावणापासून दसऱ्यापर्यंत आमच्या गावात दुसरा विषय निघाला नाही. गोळी वर जाते म्हणजे हलकी आहे, जड केली की खाली येईल. यात कुणाला शंका नव्हती. पारावर लोक कवड्या, चिंचोके, खडे घेऊन बसायचे. कुणी म्हणे, ढेकूळ लांब जातं का धोंडा? कुणी पोत्यांचा दाखला दिला, कुणी पैलवानांचा. मी लहानपणी माळ्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं हाकली होती, त्यामुळे बायकांत मला विचारलं गेलं. मी छातीठोक सांगितलं, की जड दगड लवकर खाली येतो. शहाणपणात मीही कमी पडले नाही.

तर ती जड गोळी भरून आली. सुभेदारांनी एक बार ओढ्यात मारून पाहिला. ओढ्याची पलीकडची दरड उंच आहे, तिच्यापुढं मडकं ठेवलं होतं. मडकं जागच्या जागी राहिलं. गोळी कुठं गेली यावर वाद झाला. दौलतराव म्हणाले, फलटणच्या बाजूला गेली असावी, संध्याकाळच्या मोटारीनं परत येईल.

सुभेदार तडक साताऱ्याला गेले आणि आणखी जड मागितली.

हातिमभाईंनी त्यांना दुकानात बसवून चहा पाजला, गोळ्यांचे तीन-चार साचे दाखवले आणि विचारलं, "सुभेदारसाहेब, जडच पाहिजे?"

"जडच."

"हलकी एकदा बघायची?"

"मी काय चिमण्या मारायला आलोय?"

हे सगळं सुभेदारांनीच मला घरी येऊन सांगितलं, स्वतःच्या बाजूनं. हातिमभाई म्हणाले, मग या साच्यातली सगळ्यात जड देतो. हिच्यापुढं गेलं तर पिस्तूल नाही म्हणेल. नवरात्र बसल्यावर मी स्वतः घेऊन येतो, मलाही बघायचंय.

आणि ते आले. पांढरा लांब अंगरखा, डोक्यावर सोनेरी काठाची टोपी, हातात काडतुसांची डबी. चार काडतुसं होती, एक बघण्यासाठी आणि तीन दसऱ्याची. सारा गाव ओढ्यावर जमला. दौलतराव सगळ्यांत पुढं. मी बायकांबरोबर अलीकडच्या काठावर बसले होते. मडकं पुन्हा दरडीपुढं, दसऱ्याच्या कोहळ्याइतक्याच अंतरावर ठेवलं होतं. त्याच्यावर बरोबर मधे सुभेदारांनी चुन्याचा ठिपका दिला होता.

त्यांनी पाय रोवले, श्वास सोडला, हात सरळ केला. बार झाला. मडकं तसंच.

मग दरडीच्या कपारीतून गुणगुण आल्यासारखं झालं.

तिथं मोहोळ होतं. आग्यामोहोळ. मडक्याच्या वरच्या अंगाला, कपारीच्या सावलीत, कुणाच्या ध्यानातही न आलेलं. गोळी त्याच्या पोटातून गेली होती.

त्यानंतर काय काय झालं ते मी सगळं पाहिलं नाही, कारण मी पदर डोक्यावरून घेऊन पालथी पडले होते. जे पाहिलं ते एवढंच. गाव तीन दिशांना पांगलं. दौलतराव डबक्यात बसले आणि नाक तेवढं बाहेर ठेवलं. हातिमभाईंना वाट माहीत नव्हती, ते मोहोळाकडेच पळाले. आणि सुभेदार सावधान उभे राहिले. पलटणीत त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की न हलणाऱ्या माणसाला माशी चावत नाही. माशांना ते कुणी सांगितलेलं नसावं.

घरी आमच्या ओसरीचा दवाखाना झाला. सुभेदारांचं नाक वांग्याएवढं झालं होतं. ते आत भिंतीकडे तोंड करून पडले. हातिमभाईंना मी ओसरीवर घोंगडं अंथरून दिलं आणि कांदा ठेचून त्यांच्या गालांना लावत बसले. एक डोळा पूर्ण मिटला होता, ओठ सुजले होते. पण त्या दिवशी ते खरं बोलले.

"सुभेदारीणबाई," ते हळूच म्हणाले, "ही गोळी वरच जाणार होती."

मी कांदा थांबवला.

"जड गोळी वर जाते. हलकी खाली येते. या पिस्तुलांचं असंच असतं."

मला वाटलं, विष डोक्यात चढलं. ते त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी उठून बसून नीट समजावलं. बार झाला की पिस्तूल हातात उडतं. ते उडायला सुरुवात होते तेव्हा गोळी अजून नळीतच असते. हलकी गोळी चटकन निघून जाते. जड गोळी रेंगाळते, आणि ती रेंगाळते तोवर पिस्तुलाचं तोंड वर झालेलं असतं. ज्या वजनाच्या गोळीसाठी पिस्तूल घडवलं, तिच्याच हिशेबानं त्याच्यावरची नेम धरायची खूण बसवलेली असते. वजन बदललं की ती खूण चुकते. त्यांच्याकडे जवळच्या मापाचा जो साचा होता त्यातली गोळी मुळातच थोडी जड होती, म्हणून पहिल्या वर्षीही चुकलं.

मला ते लगेच पटलं. आमच्या नणंदबाई अशाच. निघते म्हणायचं, उंबऱ्यात उभं राहायचं, आणि निघेपर्यंत घरातलं सगळं वर-खाली करून जायचं. चटकन जाणाऱ्या पाहुण्याचा त्रास नसतो.

"मग हे तुम्ही सुभेदारांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं. पहिल्या वर्षीच." त्यांनी उघड्या डोळ्यानं आतल्या खोलीकडे पाहिलं. "ते म्हणाले, मी पलटणीत होतो का तुम्ही? बहेन, मला दुकान चालवायचं आहे. गिऱ्हाइकानं जड मागितली, मी जड दिली."

"आता हलकी भरून द्या."

"सारा माल दुकानात. आणि मी या तोंडानं मोटारीत बसणार नाही."

दसरा परवावर होता. ते आमच्याकडेच राहिले.

मी आत जाऊन सुभेदारांना सांगायचा प्रयत्न केला. जड गोळी वर जाते, एवढंच म्हणाले. ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "तुला बी चावली का माशी?"

मग थोड्या वेळानं, नाकातल्या नाकात, "अंजिरा."

माझं नाव ते सहसा घेत नसत.

"परवा चुकलं तर पिस्तूल मी जमा करणार. फौजदाराकडं. दौलतच्या हातात मान गेल्यावर घरात ठेवून काय पुजायचंय?"

मी म्हटलं, बघू. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी माशा निवल्यावर मी ओढ्यावर गेले. मडकं चांगलं होतं, ते तिथं कशाला सोडायचं? मोहोळाला आरपार भोक पडलं होतं आणि त्यातून मध ओघळून दरडीवर वाळला होता. मी थोडा वेळ उभी राहिले. सुभेदारांनी नेम धरला होता चुन्याच्या ठिपक्यावर. मी हात लावून पाहिलं. ठिपक्यापासून भोकापर्यंत माझी एक वीत आणि वर चार बोटं. मग मडकं डोक्यावर घेऊन घरी आले.

आमच्या परसात कोहळ्याचा वेल होता. दसऱ्याचा कोहळा मीच द्यायची, आणि खरं सांगायचं तर त्यातला सगळ्यात धाकटा द्यायची. कोहळा गोळीनं फुटणार, नाही तर कोयत्यानं. मातीतच जाणार. थोरले मी सांडग्यांसाठी राखून ठेवायची. त्या वर्षी वेलाला एक लांबट कोहळा धरला होता. तान्ह्या पोरासारखा, दोन्ही हातांवर घ्यावा लागेल असा, वर पांढरी राख धरलेला. मी विळा घेतला आणि तोच कापला.

सुभेदार दारात उभे होते. "तो सांडग्यांचा न्हवं?"

"देवीला दरवर्षी बारका देते. त्यानंच कोप झाला असेल."

त्यांनी कोहळ्याकडे पाहिलं आणि पट्टा घासायला बसले. नाक अजून लालच होतं.

आता आमच्याकडची आणखी एक रीत सांगते. गुरव कोहळा आधी झाडाला ओढून घेतो. घोड्यावरच्या माणसाच्या छातीइतका उंच. मग ज्याच्या घरचा मान त्या घरची सवाशीण त्याला कुंकू लावते. कुंकू लागलं की मग त्याला मनुष्याचा हात लागायचा नाही, म्हणून आधी टांगायचा आणि मग लावायचं. मी बुटकी. सुभेदारांनी पलटणीतून आणलेलं एक लाकडी स्टूल होतं, त्यावर चढून मी दरवर्षी कोहळ्याच्या बरोबर मधे कुंकवाचा मोठा टिळा लावायची. पांढऱ्यावर लाल, लांबून दिसतो. सासऱ्यांपासून सगळे त्याच टिळ्यावर नेम धरत आले.

दसऱ्याच्या दुपारी पालखी निघाली. हातिमभाई एक डोळा उघडा ठेवून आमच्याबरोबर चालत होते. दौलतरावांनी नवा गुलाबी फेटा बांधला होता आणि बाराबोर खांद्यावर घेतली होती. छरे भरूनच आणले होते, म्हणजे दादांचे तीन बार झाले की उगाच खोळंबा नको. ते दिसतील त्याला सांगत होते, की आपण काही मान मागायला आलो नाही, पण गावानं दिला तर नाही कसं म्हणायचं. त्यांचाही एक कान सुजलेलाच होता.

धोंडूनं कोहळा वर ओढला आणि दोर बांधला. मग इकडं तिकडं पाहून म्हणाला, "वैनी, स्टूल?"

"त्याचा पाय निखळलाय," मी म्हणाले. "घरी ठेवलंय."

"मग कोहळा जरा खाली घेतो."

"टांगलेला कोहळा खाली घेतात का रं कधी?"

धोंडू गडबडला. घेतात का नाही, त्यालाही ठाऊक नव्हतं. कारण तशी वेळ कधी आली नव्हती. दौलतराव म्हणाले, मी उचलू का वैनींना, आणि त्यांच्या बायकोनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते बाराबोर पुसायला लागले.

मी टाचा उंचावल्या. हात पोचला तो कोहळ्याच्या खालच्या टोकाला. तिथं मी कुंकू लावलं. चांगलं पाच बोटांनी, तळव्यासकट.

"वैनी, हे कपाळ न्हाई झालं," धोंडू कुरकुरला. "हे पाय झालं."

"देवीच्या पायालाच कुंकू लावत्यात," मी म्हणाले. मी बाजूला झाले.

सुभेदार आपल्या जागी उभे राहिले. पितळ चकाकत होतं. त्यांनी हात सरळ केला, एक डोळा मिटला. आणि त्यांनी हात खाली घेतला.

त्यांनी कोहळ्याकडे पाहिलं. मग मान वळवून बायकांत मी कुठं उभी आहे ते शोधलं. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. लोकांना वाटलं, सुभेदार देवीचं नाव घेताहेत. दोन-चार जणांनी हातही जोडले.

मग त्यांनी पुन्हा हात उचलला. मारायचं तिथंच धरलं, कुंकवावर. बार झाला.

कोहळा बरोबर मधे फुटला. नुसता फुटला नाही, त्याची दोन शकलं होऊन एक दोराला राहिलं आणि दुसरं धप्प करून खाली आलं. गर ओढ्यापर्यंत उडाला. काही बिया वाऱ्यानं की कशानं दौलतरावांच्या गुलाबी फेट्यावर जाऊन बसल्या. ढोल वाजायला लागले. हातिमभाई माझ्याशेजारी उभे होते. त्यांचा मिटलेला डोळाही उघडला. त्यांनी फुटलेल्या कोहळ्याकडे पाहिलं, खालच्या टोकाला अजून चिकटलेल्या कुंकवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि टोपी सारखी करून म्हणाले, "वाह."

बाकीचे दोन बार सुभेदारांनी मारलेच नाहीत. गरज नाही म्हणाले.

दौलतरावांनी बिया झटकल्या आणि सगळ्यांसमोर सुभेदारांच्या पायाला हात लावून सोनं दिलं. मी आधीच म्हटलं, मनानं ते वाईट नव्हते. "दादा," ते म्हणाले, "नेमकी कशात चूक हुती ती आधी?"

"वजनात," सुभेदार म्हणाले.

आणि मग ते वर्षभर सांगत राहिले. पारावर आता ते लढाईच्या गोष्टी सांगत नसत, वजनाच्या सांगत. हलक्या गोळीला अंग नसतं, तिला वारा उचलतो. मधली गोळी मनानं कच्ची. जड गोळी आपला मार्ग सोडत नाही. लोक ऐकायचे. खेचराचं नाव कुणी विचारलं नाही. लांबच्या गावचे शिकारी येऊन वजन विचारून जायचे. दौलतरावांनी तर बाराबोरसाठीही जड छरे मागवले. हातिमभाईंच्या दुकानात गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, सुभेदारी वजनाची गोळी द्या. हातिमभाई पुढच्या वर्षी आम्हाला भेटायला आले तेव्हा त्यांनीच मला हे सांगितलं. येताना खजुराचा डबा आणला होता, तो सुभेदारांच्या हातात न देता माझ्या हातात दिला.

सुभेदार मलाही सांगायचे. जेवताना, झोपताना, गोठ्यात. मी मान डोलवायची. बरोबर आहे, वजनच बसलं, म्हणायची. एवढ्या दिवसांत त्यांनी कुंकवाचा शब्द काढला नाही आणि मीही काढला नाही. मला वाटलं, त्यांच्या ध्यानात काही आलेलं नाही. हात खाली घेतला तो खरंच देवीसाठी असेल. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. ते दोन वेळा पोटभर जेवत होते.

पुढच्या वर्षी नवरात्र बसलं. मी देवघरात घट मांडत होते, तोच मागच्या अंगणातून खरखर ऐकू आली. जाऊन पाहते तर सुभेदार उकिडवे बसलेले, हातात करवत, आणि पुढं पलटणीतलं ते लाकडी स्टूल पालथं. त्याचे तीन पाय वर होते. चौथा बाजूला मातीत पडला होता.

मी काही विचारायच्या आत ते उठले. करवत भिंतीला लावली, हातावरचा भुसा झटकला.

"स्टुलाचा पाय निखळला बघ," म्हणाले.

मी पायाकडे पाहिलं. कापलेल्या लाकडाचा वास अजून ताजा होता.

"मग आता कसं करायचं?" मी विचारलं.

"कसं म्हंजे? हात पोचंल तिथं लाव." ते वेलाकडे गेले, पानं बाजूला करत करत एक एक कोहळा बघू लागले, आणि पाठमोरेच म्हणाले, "लांबटच एखादा राखून ठेव. वजनाला बरा पडतो."